ईदच्या दुसऱ्या दिवशी

परवा इफ्तारला भाचा घरी आला होता. दस्तरखानावर खजूर, कलिंगड, केळी, चण्याची उसळ आणि आमच्याकडे रोज लागतेच लागते ती मिरचीची भजी. त्याने खजुराने रोजा सोडला, पाणी प्यायला, एक भजं उचललं. आतली मिरची काढून बाजूला ठेवली. मग नुसतं बेसनही अर्धं ताटात राहिलं.

"काय रे, आवडलं नाही?" मी विचारलं.

"आवडलं मामू. पण तोंडाची आग होऊन राह्यली."

चोवीस वर्षांचा मुलगा. एकेकाळी याच घरात बसून ठेच्यासोबत तीन भाकरी खाणारा. मी त्याला उजेडात नेलं आणि म्हटलं, तोंड उघड, स्वतःची तीन बोटं उभी, एकावर एक, आत घालून दाखव. निरोगी माणसाच्या तोंडात ती सहज जातात. वाचकांनीही हवं तर आत्ताच करून बघावं. भाच्याची दोन गेली, तिसरं अडलं.

गुटखा आणि सुपारी खाणाऱ्यांत हा आजार आता पोरवयातच दिसतो. गालाच्या आतली मऊ त्वचा हळूहळू ताठ होत जाते, तिखट सोसेनासं होतं, मग तोंड उघडणं कमी कमी होत जातं. डॉक्टर त्याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात आणि पुढे कर्करोग होण्याची शक्यता असलेल्या आजारांत तो मोडतो. याचं मूळ तंबाखूत नाही, सुपारीत आहे. "मी तंबाखू नाही खात, नुसती सुपारी खातो," असं म्हणणारे अनेक जण मला भेटतात. त्यांच्यासाठी सांगतो, जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने तंबाखूविना सुपारीलाही कर्करोगकारक ठरवून वीस वर्षं उलटून गेली आहेत.

"पण मी दिवसभर काहीच खात नाही ना मामू. रोजा आहे माझा."

"आणि मगरिबनंतर?"

तो खाली बघत म्हणाला, "एकच पुडी. आणि तरावीहनंतर एक."

मी त्याला रागावलो नाही. रागावण्याचा अधिकार मला नाही. ते का, ते सांगण्यासाठीच आजचा लेख आहे.

मी शिक्षक आहे आणि एकोणीस वर्षं तंबाखू-चुना खात होतो. आमच्या शाळेच्या भिंतीवर 'तंबाखूमुक्त शाळा' अशी पाटी रंगवून घ्यायची जबाबदारी माझ्याकडे आली, तेव्हा पेंटरजवळ उभा राहून ऱ्हस्व-दीर्घ तपासताना माझ्या डाव्या खिशात पुडी होती आणि उजव्या खिशात चुन्याची डबी. पेंटरने तंबाखू मागितली. मी दिली. हे लिहिताना आजही लाज वाटते, पण झालं ते असं.

एवढ्या वर्षांत रमजानचे सगळे रोजे केले. म्हणजे दरवर्षी महिनाभर रोज तेरा-चौदा तास तंबाखूशिवाय राहत होतो. इतर अकरा महिने मात्र दोन तास निघत नसत. पोरांना गणित शिकवतानाही मनात दुसरंच गणित चालायचं, मधली सुट्टी व्हायला किती मिनिटं उरली. तोच माणूस, तीच जीभ, तेच व्यसन. मग रमजानमध्ये कुठून यायचं हे बळ, आणि ईदच्या दुसऱ्या दिवशी कुठे जायचं?

बरीच वर्षं मी याचं सोपं उत्तर देत असे: श्रद्धेचं बळ. ते खोटं नाही. पण अपुरं आहे, कारण श्रद्धा काही ईदच्या दिवशी उतरवून खुंटीला टांगत नाही कोणी. नीट पाहिलं तर रमजानमध्ये बदलतात त्या श्रद्धेच्या भोवतीच्या गोष्टी. घरोघरी भिंतीवर सहर-इफ्तारचं कार्ड लागतं, दुकानदारांनी छापून वाटलेलं, मिनिटामिनिटांचं. कधी थांबायचं आणि कधी सोडायचं हे रोज नव्याने ठरवावं लागत नाही. घरातले सगळे सोबत उठतात. शेजारचा हिंदू मित्रसुद्धा तुमच्यासमोर चहा घेताना जरा संकोचतो, आणि तुमचा रोजा असताना कोणी तंबाखू पुढे करत नाही. मुळात नियत केलेली असते, आज माझा रोजा आहे असं मनाशी ठरवलेलं. पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने हीच गोष्ट वेगळ्या भाषेत मांडली आहे. "मी व्यायाम करीन" असं नुसतं म्हणणाऱ्यापेक्षा "सकाळचा चहा झाला की चपला घालून मारुती मंदिरापर्यंत जाऊन येईन" असं वेळ-ठिकाण धरून ठरवणाऱ्याच्या हातून ते काम पार पडण्याची शक्यता बरीच जास्त असते, असं त्याच्या आणि इतरांच्या प्रयोगांत दिसलं. (मारुती मंदिर माझं. त्याची उदाहरणं जर्मनी-अमेरिकेतली होती.)

ईद झाली की हे सगळं एकदम काढून घेतलं जातं. कार्ड रद्दीत, पहाटेची जाग संपली, स्टाफरूम सुरू. आणि डबी खिशात परत.

माझ्या बाबतीत आणखी एक चूक होती, तीच आता भाचा करतोय. दिवसभर सोडायचं आणि मगरिबनंतर पहिला बार भरायचा. शरीराच्या दृष्टीने हे सोडणं नव्हेच. तंबाखू पूर्ण बंद केली की पहिले दोन-तीन दिवस सर्वात वाईट जातात. डोकं दुखतं, चिडचिड होते, झोप उडते. साधारण दोन ते चार आठवड्यांत शरीराची मागणी ओसरते. पण रोज रात्री दोन चिमटी दिल्या तर ते दोन-चार आठवडे कधी सुरूच होत नाहीत. उलट, दिवसभराच्या उपासानंतरची ती चिमूट इतकी गोड लागते की व्यसन पक्कं होतं. एकोणीस रमजान मी माझ्या तंबाखूला असंच खतपाणी घातलं.

२०१८ साली रमजान मेच्या मध्यात सुरू झाला. बुलडाणा घाटावर असल्याने आम्हाला जरा तरी हवा लागते. खाली मलकापूर-नांदुऱ्याकडच्या नातेवाइकांनी साडेचौदा तासांचा रोजा त्या उन्हात कसा काढला, ते त्यांनाच ठाऊक. रमजानच्या दोन दिवस आधी दाढ दुखते म्हणून दातांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दाढ पाहिली आणि मग आरशात मला माझ्याच गालाच्या आतला पांढरा चट्टा दाखवला, बरोबर जिथे मी तंबाखू धरायचो तिथे. म्हणाले, "सर, आजपासून पूर्ण बंद. महिन्याने दाखवा. चट्टा गेला नसेल तर तुकडा काढून तपासायला पाठवू."

घरी येताना रस्ता दिसत नव्हता. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती.

प्रेरणा म्हणतात ती मला अशी मिळाली. पण तिच्याबद्दल खरं सांगायचं तर ती आठ दिवस टिकली. नवव्या दिवशी इफ्तारनंतर मन म्हणू लागलं, एवढी वर्षं काही झालं नाही, डॉक्टर घाबरवतातच. भीतीचं असंच असतं, नवी असते तोवर धावते. डॉ. अभय बंग आठवा. जगाला आरोग्य शिकवणारा, गडचिरोलीत बालमृत्यूंवर काम करणारा हा डॉक्टर. त्यांना १९९५ मध्ये, वयाच्या ४४व्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला. त्यावरचं त्यांचं 'माझा साक्षात्कारी हृदयरोग' हे पुस्तक मराठी घरांत फार वाचलं गेलं. मी ते वाचलं होतं, तंबाखू खात खात वाचलं होतं. आरोग्याचं ज्ञान त्यांच्याइतकं कोणाकडे असणार? तरी झटका आलाच. पुढे त्यांनी आहार, योग, ध्यान यांनी दिनक्रमच बदलला, तेव्हा गाडी रुळावर आली. माहिती असणं आणि हातून होणं यांच्यामध्ये रिकामी जागा असते. ती जागा दिवसाच्या वेळापत्रकाने भरावी लागते.

मला वाचवलं ते शाळेच्या सुट्टीने. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. त्या वर्षी ईद १६ जूनला झाली, म्हणजे अख्खा रमजान आणि त्यानंतरचेही काही दिवस मी स्टाफरूमच्या त्या खुर्चीत बसलोच नाही, जिथे बसलं की हात आपोआप खिशात जायचा. घरापासून मशिदीपर्यंतच्या वाटेवर पानठेला होता. मी मागच्या गल्लीने जायला लागलो, शंभर पावलं जास्त पडली तरी. डबी फेकली नाही, पत्नीने फेकली. खिशात लवंग आणि बडीशेप ठेवली. तरावीहला शेजारी उभे राहणारे एक बुजुर्ग आहेत, त्यांना सांगून टाकलं की मी सोडली आहे. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की रोज सफेत उभं राहण्याआधी ते माझा वास घेत. माणसाला अल्लाहची भीती असतेच. पण शेजाऱ्याच्या नाकाची काही कमी नसते.

पुढे कधीतरी व्हिएतनाम युद्धातल्या अमेरिकन सैनिकांची हकीकत वाचली आणि मला माझी सुट्टी आठवली. तिथे असताना कितीतरी सैनिक हेरॉइनच्या आहारी गेले होते. मायदेशी सरकार हवालदिल झालं, हे सगळे परत आल्यावर काय होणार? ली रॉबिन्स या संशोधक बाईंनी त्यांचा पाठपुरावा केला. तिथे व्यसनी झालेल्यांपैकी परत आल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात सापडलेले निघाले शंभरात सुमारे पाच. जागा बदलली, सोबत बदलली, हाताशी माल नाही, आणि हेरॉइनसारखी गोष्ट सुटली. आपण मात्र त्याच ठेल्यासमोर त्याच मित्रांसोबत उभं राहून मनाच्या निग्रहाच्या गप्पा मारतो.

आता दिवसांचा हिशेब. एकवीस दिवसांत सवय लागते, असं मोबाइलवर रोज कोणीतरी पाठवतं. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ नावाच्या अमेरिकन प्लास्टिक सर्जनच्या १९६०च्या पुस्तकातून पसरला. त्याच्या रुग्णांना आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान तीन आठवडे लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्यातलं 'निदान' गळून पडलं आणि नियम उरला. लंडनमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांना रोज एक साधी गोष्ट, म्हणजे जेवणासोबत फळ खाणं किंवा थोडा व्यायाम करणं, करायला लावून पाहिलं. २०१० मध्ये त्यांचे निष्कर्ष छापून आले. ती गोष्ट अंगवळणी पडायला मधल्या माणसाला ६६ दिवस लागले. कोणाला १८, तर कोणाचा अंदाज थेट २५४ दिवसांवर गेला.

म्हणजे रमजानचे तीस दिवस अर्ध्या वाटेपर्यंतही पोचवत नाहीत. हे वाचल्यावर मला शव्वालच्या सहा रोज्यांचा अर्थ नव्याने लागला. ईदनंतरच्या महिन्यात आणखी सहा रोजे ठेवण्याची आमच्यात प्रथा आहे. सक्तीचे नाहीत, पण त्यांचं मोठं पुण्य सांगितलं आहे. लहानपणी वाटायचं, ईद झाल्यावर हे कशाला? आता वाटतं, जिना एकदम संपून माणूस पडू नये म्हणून शेवटी ठेवलेल्या या सहा पायऱ्या आहेत. त्या वर्षी मी ते सहाही रोजे ठेवले, शाळा उघडल्यावर, मुद्दाम कामाच्या दिवशी. रोजा असलेल्या माणसाला स्टाफरूममध्ये कोणी तंबाखू विचारत नाही. सहकाऱ्यांना वाटलं, सर फारच धार्मिक झाले. मी त्यांचा समज दूर केला नाही.

त्याच अभ्यासात आणखी एक गोष्ट निघाली होती आणि ती मला सर्वात मोलाची वाटते. मध्ये एखादा दिवस चुकला तर सवय लागण्यावर फारसा परिणाम होत नाही. माझा चुकला. जुलैत एका लग्नात, जेवणानंतर, जुन्या मित्रांच्या घोळक्यात, हात पुढे झाला आणि चिमूट तोंडात गेली. पूर्वीच्या प्रत्येक वेळी इथेच खेळ संपला होता. मोडलंच ना, आता काय, म्हणत दुसऱ्या दिवशी नवी पुडी. या वेळी घरी येताना विचार केला, आजारपणात रोजा सुटला तर आपण काय करतो? अख्खा रमजान सोडून देत नाही. त्या एका रोज्याची कझा नंतर भरून काढतो. तोंड धुतलं आणि झोपलो. दुसऱ्या दिवशी खिशात लवंगच होती.

तो चट्टा महिन्याभराने फिका झाला होता आणि पुढच्या तपासणीला दिसला नाही. सगळ्यांचं असंच होतं असं नाही, तुकडा काढून तपासावा लागलेली माणसंही मी पाहिली आहेत. म्हणून चट्टा दिसल्यावर रमजानची किंवा एक जानेवारीची वाट बघू नये. यंदा आठ वर्षं होतील.

हे सगळं फक्त रोजेदारांचं नाही, हे आमच्या गल्लीतच दिसतं. श्रावणात कितीतरी मित्र महिनाभर दारूला शिवत नाहीत. त्याआधी गटारी साजरी होते आणि नंतर बाटली परत येते. आमच्यात गटारी नाही, पण ईदच्या रात्री पानठेल्यावर जी गर्दी होते ती तिचीच धाकटी बहीण. शेगावहून गजानन महाराजांच्या पालखीसोबत पंढरपूरपर्यंत चालत जाणारे माझे ओळखीचे आहेत. ऊन-पावसात शेकडो किलोमीटर चालतात आणि परतल्यावर कोपऱ्यावरच्या दुकानात दूध आणायला मोटारसायकल काढतात. चेष्टा करत नाही. तिथे दिंडी होती, टाळ होता, सोबत होती, मुक्काम ठरलेला होता. इथे एकट्याने पिशवी घेऊन निघायचं आहे.

आणि आमचे दोषही झाकत नाही. रमजानमध्ये पोटाला आराम मिळतो म्हणतात. मी मोजलं आहे, खजूर एक आणि भजी सात. वर सरबत, वर समोसा. महिन्याच्या शेवटी वजन वाढलेले रोजेदार आमच्याच घरात दोन आहेत, त्यातला एक मी. मधुमेह किंवा रक्तदाब असलेल्यांनी तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोजा ठेवूच नये. आजाऱ्याला धर्मानेच सूट दिली आहे, ती नाकारण्यात काही मोठेपणा नाही.

सातत्याचं खरं उदाहरण आमच्या घरात माझं नाही, पत्नीचं आहे. सहा वर्षांपासून ती रोज पाऊण तास चालते. तिला कधी प्रेरणेबद्दल बोलताना ऐकलं नाही. पलीकडच्या घरातल्या काकू ठरलेल्या वेळी फाटकाशी येऊन उभ्या राहतात, एवढंच. "त्या थांबल्यात, जायला पाहिजे," असं म्हणून ही निघते. मी एकदा काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "अहो सर, मला कंटाळाच येतो. पण भाभी वाट बघत असतील म्हणून येते." दोघी एकमेकींच्या भिडेने सहा वर्षं चालल्या आहेत. रमजानमध्ये सहरीनंतर हिला चालणं होत नाही, तर काकूंनी आपणहून वेळ बदलली. महिनाभर दोघी रात्री तरावीहनंतर निघतात. श्रावणी सोमवारी काकूंचा उपास असला की ही चाल जरा हळू ठेवते. हजरत आयशांनी सांगितलेल्या एका हदीसचा आशय असा आहे की थोडं का असेना, पण नेमाने केलेलं काम अल्लाहला सर्वात प्रिय असतं. मी हे वर्गात पोरांना सांगतो; काकूंना ते सांगावं लागलं नाही.

भाच्याकडे परत येतो. २०१६-१७ च्या सरकारी सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या शंभर प्रौढांपैकी सुमारे सत्तावीस जण कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेताना आढळले, आणि त्यांतले बहुतेक सगळे खाणारे, ओढणारे थोडेच. गुटख्यावर राज्यात जुलै २०१२ पासून बंदी आहे. भाच्याला पुडी कुठे मिळते, हे त्याने मला सांगितलं. ते लिहून उपयोग नाही, ज्यांनी बघायचं त्यांना माहीत आहे. तो मोबाइलच्या दुकानात काम करतो आणि दुकानाच्या पायरीलाच ठेला आहे. निग्रह कर, असं त्याला सांगणं म्हणजे विहिरीच्या काठावर झोपवून कूस बदलू नको म्हणण्यासारखं आहे.

म्हणून त्या रात्री आम्ही निग्रहाबद्दल बोललोच नाही. दुकानमालकाशी मी बोललो. ते भला माणूस आहेत, म्हणाले, ईदनंतर दोन महिने याला वरच्या मजल्यावर दुरुस्तीला बसवतो, चहा वरच पाठवतो. मगरिबनंतरची पुडी बंद, त्या वेळी त्याने माझ्याकडे यायचं, दोघांनी सोबत तरावीहला जायचं, मागच्या गल्लीने. ईदनंतरचे सहा रोजे सोबत. १८००-११-२३५६ हा तंबाखू सोडणाऱ्यांसाठीचा सरकारी मोफत फोन आहे, पुडीवरच छापलेला असतो. इतकी वर्षं पुड्या फोडल्या, पण त्याने तो कधी वाचला नव्हता. परवा माझ्यासमोर लावला. पलीकडच्या माणसाने पंधरा मिनिटं शांतपणे ऐकून घेतलं आणि पुन्हा फोन करण्याचा दिवस ठरवून दिला.

आज बाविसावा रोजा. पाच रात्री झाल्या. चिडतो, आईवर ओरडतो, परवा जेवण टाकून उठला. काल रात्री नमाजला उभे राहण्याआधी शेजारच्या बुजुर्गांनी त्याचाही वास घेतला.

सोमवारी त्याला तोंड दाखवायला दातांच्या डॉक्टरांकडे नेणार आहे. "मामू, रोज्यात चालते का?" असं त्याने विचारलं. नुसत्या तपासणीने रोजा तुटत नाही, हे इमामसाहेबांना आधीच विचारून ठेवलं होतं. तो गप्प बसला, मग म्हणाला, "सकाळी किती वाजता?"